ढोल वाजेपर्यंत

आठवडाभर लोकांची मोडलेली हाडं जोडायची आणि रविवारी भर चौकात एका बाईला झिंज्या धरून फरफटत आणायचं, असा प्लास्टरमामांचा नेम होता. दोन्ही कामं ते सारखंच मन लावून करत. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्याच्या शिव्या. आणि गंमत अशी, की शिव्या जितक्या जास्त पडत तितके मामा खूश असत.

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्सरेच्या खोलीला लागून, त्यांची प्लास्टरची खोली होती. एक उंच टेबल, एक गळका नळ, कोमट पाण्याची बादली, पट्ट्यांच्या गुंडाळ्या आणि सगळीकडे पांढरी भुकटी. खिडकीच्या गजांवर भुकटी, कपाच्या कानावर भुकटी, मामांच्या भुवयांवर भुकटी. पट्टी पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात. ते थांबले की ती बाहेर काढायची, हलकेच पिळायची आणि गुंडाळत जायचं. ओलं प्लास्टर घट्ट होताना आतून गरम होतं, आणि पेशंट घाबरतो. मामा म्हणत, ‘होऊ दे गरम, ते आपलं काम करतंय.’ तेवढा वेळ तो हात धरून गप बसावं लागतं. त्या वेळात माणसं काय काय बोलतात.

बायका मात्र एकच बोलत. ‘बाथरूममध्ये घसरले.’ त्या शहरातले पुरुष बहुतेक अंघोळच करत नसावेत, कारण घसरायच्या त्या बायकाच. हात टेकून पडलं तर मनगट मोडतं. डोक्यावर येणारा मार अडवायला हात आडवा घातला, तर हाड मधोमध मोडतं. हे डॉक्टरांना कळे, मामांना कळे, आणि एक्सरेबाईंना तर सगळ्यांच्या आधी कळे, कारण फोटो त्याच काढत. कळून सगळे गप्प. विचारायची पद्धत नव्हती. विचारलं तर बाई पुढच्या वेळी येणारच नाही आणि हाड वाकडं जुळेल, अशी समजूत होती. समजूत सोयीची असली की ती मोडत नाही.

मामांचं लग्न झालेलं नव्हतं. धाकट्या भावंडांचं करता करता स्वतःचं राहून गेलं, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर मामांनाच धीर झाला नव्हता. त्यांचा बाप मारकुटा होता. घराची भिंत पातळ होती, पलीकडे चांगली, शिकलेली, हसतमुख माणसं राहत. इकडे आई ओरडली की तिकडे रेडिओचा आवाज वाढे. कोणी आलं नाही. एकदाही नाही. आपल्याही हातात बापाचा हात असला तर, ही धास्ती मामांनी जन्मभर बाळगली आणि ती कोणाला सांगितली नाही.

मग एकदा केंद्रताई आल्या. मार खाणाऱ्या बायकांसाठी त्या एक मदत केंद्र चालवत. त्यांचा पाय मात्र खरोखरच घसरून मोडला होता. पाय टेबलावर ठेवून त्या तक्रार करत होत्या, ‘चौकात नाटक बसवायचंय. सगळ्यांना वकील व्हायचंय, पोलीस व्हायचंय. नवरा व्हायला एक माणूस तयार नाही!’

मामा पट्टी पिळत म्हणाले, ‘मला नवरा व्हायची सवय नाही. पण बघतो.’

आणि मामा असे काही मारकुटे निघाले, की पहिल्याच तालमीत केंद्रताईंनी आपली खुर्ची मागं सरकवली. बायको व्हायची एक बस कंडक्टर. आवाज असा, की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस तिकीट काढून मगच पुन्हा झोपायचा. मामांनी हात कसा उगारायचा, कुठं थांबवायचा, तिनं कधी कोसळायचं, हे सगळं बेतलेलं होतं. तिला एक ओरखडासुद्धा येत नसे. पण बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

नाटक सुरू होतंय असं कुणी सांगायचं नाही, हीच तर त्याची खुबी. बाजाराच्या गर्दीत एकदम आरडाओरड सुरू होई आणि मामा कंडक्टरबाईला ओढत आणत. गर्दीत एक रंगारी पोत्यात ढोल लपवून उभा असे. नियम एकच होता. बघणाऱ्यांतलं कोणीतरी पुढं होऊन मामांचा हात धरेपर्यंत ढोल वाजवायचा नाही. हात धरला, की ढोल. मग कंडक्टरबाई उठून कपडे झटकायच्या आणि केंद्रताई पुढं येऊन बोलायच्या, की बघा, एक माणूस पुढं आला आणि मार थांबला. तुमच्या शेजारीही असंच होतं. तिथंही जा.

सुरुवातीला मामांना जो मार बसला, त्याला तोड नाही. एका भाजीवालीनं त्यांना दुधीभोपळा फेकून मारला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी छत्री मोडेपर्यंत झोडपलं आणि नंतर छत्रीबद्दल मामांनाच दोष दिला. एकदा तर चार जणांनी धरून असा चोप दिला, की ढोल वाजवून वाजवून रंगाऱ्याचे हात भरून आले तरी कोणी ऐकेना. सोमवारी सुजलेला गाल घेऊन मामा कामावर येत आणि एक्सरेबाईंना सांगत, ‘काल फार मारलं हो लोकांनी!’ एखाद्यानं लग्नातलं जेवण सांगावं तसं सांगत.

एक्सरेबाई हसायच्या. दुपारी पेशंट ओसरले की दोन्ही खोल्यांच्या मधल्या बाकावर दोघांचा चहा होई. नवऱ्याचं घर सोडून त्या भावाकडे राहत होत्या. का सोडलं हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मामांनी विचारलं नव्हतं. त्या बाकावरच्या चहासाठी मामा सकाळपासून घड्याळाकडे बघत. या वयात काय हे, असं स्वतःलाच म्हणत आणि पुन्हा बघत.

त्यांना वाटलं होतं, नाटक नाटकापुरतं राहील. पण लोकांच्या डोक्यात केंद्रताईंचं भाषण राहिलं नाही, मामांचा चेहरा राहिला. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. घरमालकीण पूर्वी दारात उभी राहून ताप-खोकल्याची चौकशी करायची, ती आता मुलाच्या हातून निरोप पाठवी. एरवी ओळखीच्या असलेल्या बायका समोरून येताना पदर सावरून रस्ता ओलांडत. सख्ख्या भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा बहीण भेटायला आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, ‘दादा, तिकडच्या लोकांनी तुला बाजारात बघितलंय. त्यांना सांगितलं आम्ही नाटक आहे म्हणून. पण उगाच... तू नंतर सावकाश ये ना. आशीर्वाद द्यायला.’

‘येईन की,’ मामा म्हणाले. लग्नाच्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली नाही. तीन लहान मुलांचे हात त्या दिवशी त्यांनी जोडले आणि प्रत्येकाच्या प्लास्टरवर पेननं फूल काढून दिलं.

आणि मग एक्सरेबाई. एका रविवारी त्या खास नाटक बघायला आल्या. सोमवारी चहाला आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मामा शेवटी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

‘मला कळतं हो सगळं,’ त्या फिल्म पाकिटात घालत म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही. ‘तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही. पण रविवारी तुमचा हात वर गेला ना, तेव्हा मी डोक्यावर हात घेतला. तिथं, गर्दीत. माझं मलाच कळलं नाही. आता तुम्ही कप पुढं केलात तरी मला तो हातच दिसेल. काय करू सांगा.’

मामा आपल्या खोलीत परतले. त्या दिवसापासून ते बाकावर एकटेच चहा घेऊ लागले. नाटक सोडून द्यावं असं त्यांच्या मनात खूपदा आलं. सोडलं नाही, कारण रविवारी कोणीतरी अनोळखी माणूस धावत येऊन त्यांची मानगूट धरी आणि त्या क्षणी मामांना वाटे, भिंतीपलीकडची माणसं शेवटी आली. एवढ्या एका गोष्टीवर ते आठवडा काढत. वेडेपणाच म्हणायचा. पण माणूस कशावर जगतो, हे दुसऱ्यानं ठरवू नये.

बाजारात एक बटणवाली होती. बटणं, हुक, लेस, दोरे असं सामान विकायची. चौकाच्या तोंडाशीच तिचं शटरचं छोटं दुकान होतं. ती हात घेऊन आली. हाड मधोमध मोडलेलं. ‘घसरले,’ म्हणाली.

मामांनी पट्टी बुडवली, पिळली, गुंडाळली. प्लास्टर गरम होऊ लागलं. आणि जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते मामांनी केलं. ते म्हणाले, ‘घरात मारतो का तो?’

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘घरातच. बाहेर फार चांगला आहे.’

‘मग बाहेर या.’

‘म्हणजे?’

‘पुढच्या वेळी हात उचलला, की दार उघडून बाहेर पळा. चौकात या. आणि ओरडा. लाज धरू नका. लोक येतात, बाई. मी दर रविवारी बघतो. अहो, लोक मला जिवंत सोडत नाहीत!’

ती पहिल्यांदा हसली. ‘चारचौघांत शोभा होईल.’

‘त्याची होईल. तुमची कशी होईल?’

पुढच्या रविवारी ती दुकानाच्या फळीमागे उभी राहून नाटक बघत होती. एक पोरगेला माणूस पुढं आला, त्यानं मामांचा हात पिरगाळला, ढोल वाजला. मामांनी मान वळवून बघितलं तर बटणवालीनं प्लास्टरचा हात जरासा वर करून दाखवला. मामांना इतकं बरं वाटलं, की ते त्या दिवशी घरी चालत गेले आणि वाटेत शीळ घालत होते. या गोष्टीची त्यांना नंतर फार लाज वाटली.

कारण एव्हाना काय झालं होतं, ते मामांना दिसत नव्हतं असं नाही. लोक सरावले होते. आरडाओरड झाली की पूर्वी माणसं दचकायची, आता ‘नाटक लागलं, नाटक लागलं’ म्हणत पोरांना खांद्यावर घ्यायची. गोल आपोआप धरला जाई. पुढच्या रांगेतले खाली बसत, म्हणजे मागच्यांना दिसावं. पुढं होऊन हात धरणारा आधी मोबाइलवाल्याकडे बघून घेई, तो तयार आहे ना. मामांना आता मारसुद्धा धड बसत नव्हता. लोक खांद्यावर थोपटल्यासारखं मारत आणि कानात म्हणत, ‘काय काम करता राव!’

मामा एकदा केंद्रताईंना म्हणाले, ‘ताई, पूर्वीसारखं लागत नाही.’

‘म्हणजे लोकांना समजायला लागलंय, मामा. गर्दी बघा केवढी होते!’

गर्दी खरंच मोठी होत होती.

ते घडलं ते भर दुपारी, आणि रविवार नव्हता. एक्सरेबाईंची त्या दिवशी अर्धी रजा होती. निघताना त्यांनी प्लास्टरच्या खोलीत डोकावून सांगितलं, की टेबलावर दोन पाकिटं ठेवली आहेत, डॉक्टरांना द्या. मामांचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या चिखलात होते, समोर एका मुलीचा घोटा. त्यांनी नुसती मान हलवली. घोटा बांधून, हात धुऊन, पाकिटं पोचती करून ते जेवायला घरी निघाले.

चौकात गोल धरलेला होता. पुढची रांग खाली बसलेली.

मामांच्या मनात पहिलं आलं ते हे, की आपल्याशिवाय यांनी कसं सुरू केलं? इतकी वाईट सवय झाली होती. मग आवाज ऐकू आला. कंडक्टरबाईंचा आवाज गोल, भरदार. हा आवाज फाटलेला होता आणि मधेच तुटत होता. मामा गर्दीत घुसले.

‘अरे, आले, आले! मेन माणूस आत्ता आला!’ कोणीतरी म्हणालं.

‘मग हा कोण?’

‘नवीन असेल. पण चांगला करतोय हां.’

लोकांनी हसत हसत वाट करून दिली. मध्ये बटणवाली पडली होती. दुकानातून पळताना तिनं काय धरलं होतं कोण जाणे, बटणांचा एक डबा उपडा झाला होता आणि रस्ताभर बटणं विखुरली होती. तिचा नवरा शटर खाली ओढायची आकड्याची सळई घेऊन उभा होता. सळई वर गेली. मामांनी धावत जाऊन तो हात दोन्ही हातांनी धरला.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

‘अरे, थांबा!’ मामा ओरडले. ‘खरं आहे हे! खरं आहे, आई शप्पथ!’ टाळ्या आणखी वाढल्या. लोक मागं वळून ढोल शोधू लागले. ढोल वाजेना. नवरा हिसडे देत होता, मामांच्या तोंडाला फेस आला होता. पुढच्या रांगेतली एक बाई प्रेमळ आवाजात म्हणाली, ‘उठा आता, बाई. झालं ना.’ या ठिकाणी कंडक्टरबाई उठत. बटणवाली उठली नाही. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार येऊन बटणांमध्ये जमा होत होती. टाळ्या एका बाजूनं कमी कमी होत गेल्या. मग दोघं-तिघं पुढं आले आणि त्यांनी नवऱ्याला धरलं. बाकीचे घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी हात बांधायचा तो मामांनाच बांधावा लागला. दुसरं कोण होतं? या वेळी हाताची दोन्ही हाडं मोडली होती आणि एका कानानं तिला ऐकू येत नव्हतं. मामा ऐकू येणाऱ्या बाजूला उभे राहिले. प्लास्टर गरम झालं तेव्हा ती बोलली.

‘मी ओरडले, मामा.’

‘हो.’

‘खूप ओरडले. तुम्ही सांगितलं होतं तसं. लोक आले,’ ती म्हणाली. ‘गोल करून उभे राहिले.’

मामा हात धरून बसले होते. प्लास्टर निवलं, घट्ट झालं, तरी त्यांनी तो हात सोडला नाही. तिनंच शेवटी हळूच काढून घेतला.

पोलिसांत नवऱ्यानं सांगितलं, की बायको शटर ओढताना सळईवर पडली, मी उचलायला गेलो, तेवढ्यात हा नाटकवाला येऊन मला झोंबला. पोलीस अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. तो केंद्रताईंना म्हणाला, ‘तिचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढ्यावर खटला टिकत नाही. सुरुवातीपासून सगळं बघितलंय असा एक माणूस आणा. नुसता एक. सबंध बाजार होता ना तिथं?’

‘मी बघितलं,’ मामा म्हणाले.

‘तुम्ही शेवटी आलात, मामा. सळई त्याच्या हातात होती एवढंच तुम्ही सांगणार. आणि राग मानू नका, तुम्हाला सगळं शहर हात उगारताना बघतं. त्याचा वकील तुमची भंबेरी उडवेल.’

म्हणजे गोष्ट सरळ होती. बघणाऱ्यांपैकी कोणी बोललं नाही, तर नवरा सुटणार. दुकान त्याच्या नावावर, घर त्याच्या आईच्या नावावर. केंद्राच्या खोलीत बटणवाली किती दिवस काढणार? तो न्यायला येणार, आणि आता ती ओरडणारसुद्धा नाही.

मामा दुकान दुकान हिंडले. भाजीवालीकडे गेले, जिनं कधीकाळी भोपळा फेकला होता. ती रडली. ‘मामा, मला वाटलं तुमचंच चाललंय, या खेपेला बटणवालीला आणि तिच्या नवऱ्याला घेतलंय. नाहीतर मी सोडलं असतं का हो त्याला? पण पोलिसांत काय सांगू? टाळ्या वाजवत होते म्हणून सांगू?’ बूटवाला म्हणाला, आपण नाटक म्हणून नीट बघितलंच नाही. मोबाइल दुकानदाराकडे चित्रीकरण होतं, ते त्यानं त्याच संध्याकाळी पुसून टाकलं होतं. सगळे खरं बोलत होते. सगळ्यांना वाईट वाटत होतं. मामांना त्यांच्यावर चिडायची फार इच्छा होती, पण चिडायचं कोणत्या तोंडानं? या लोकांना गोल धरून, खाली बसून, निवांत बघायला शिकवलं कोणी? रविवारमागून रविवार, इतक्या मेहनतीनं?

केंद्रताईंनी नाटक बंद केलं. रंगारी ढोल घेऊन गेला. मामा दुपारी बाकावर येऊन बसत आणि चहा तसाच निवून जाई. आता घड्याळाकडे बघण्यासारखंही काही राहिलं नव्हतं.

अशा एका दुपारी एक्सरेबाई आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. इतक्या दिवसांनी! मामांनी पटकन आपला कप बाजूला घेतला, जागा केली.

‘मी होते तिथं,’ बाई म्हणाल्या.

‘कुठं?’

‘चौकात. त्या दिवशी. तुम्हाला सांगून निघाले आणि दोरा घ्यायला म्हणून तिच्याच दुकानाकडे गेले.’ त्या भिंतीकडे बघून बोलत होत्या. ‘ती दुकानातून बाहेर पळाली आणि तो तिच्यामागे धावला तेव्हा मी तिथंच होते. अगदी पहिल्यापासून. सगळे म्हणाले नाटक आहे. तुमचे हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते, मामा. मी बघून निघाले होते. तुम्ही तिथं असणं शक्य नव्हतं. त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.’

मामांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

‘आणि तुम्ही...’

‘उभी राहिले. पाय उचलेनात. तोंड उघडेना. मी पुन्हा माझ्या त्या स्वयंपाकघरात होते, ओट्याला पाठ लावून. तुम्हाला खरं वाटणार नाही.’

मामांना राग आला. असा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता, नाटकात तर कधीच नाही. इतक्या माणसांत एक जण होती, जिला माहीत होतं! एक शब्द बोलली असती तर! तो राग खांद्यातून खाली उतरला आणि त्यांनी बघितलं, की आपल्या हाताची मूठ झाली आहे. बाईंनीही ती बघितली. त्या बाकाच्या अगदी कडेला सरकल्या. आता आणखी सरकायला जागा नव्हती.

मामांना स्वतःची भीती वाटली. ज्या गोष्टीला ते जन्मभर भीत आले, ती ही अशी, दुपारच्या वेळी, चहाच्या कपाशेजारी येऊन बसली होती. त्यांनी एकेक बोट उलगडलं. हात मांडीखाली दाबून धरला आणि तसेच बसून राहिले, पेशंटचं प्लास्टर वाळेपर्यंत बसतात तसे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘सांगाल का? तिकडे?’

‘त्याचसाठी आले. एकटीनं जायचा धीर नाही. तुम्ही बरोबर चला.’ मग त्या म्हणाल्या, ‘पण जरा लांबून चला.’

मामा लांबून चालले. सबंध रस्ताभर त्यांच्यामध्ये एक गाडी जाईल एवढं अंतर होतं.

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. तो काय म्हणाला, सळई कुठून घेतली, पहिला फटका कुठं बसला, दुसरा कुठं. एक्सरेचं काम करणारी बाई, कोणत्या फटक्यानं कोणतं हाड गेलं तेही सांगून गेली. अधिकारी ऐकता ऐकता सरळ बसला. याच्यावर खटला उभा राहतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं विचारणं भागच होतं ते विचारलं.

‘नाटक आहे असं तुम्हाला नाही वाटलं?’

‘नाही. मला माहीत होतं नाटक नाही.’

‘मग तुम्ही काही केलं का नाही?’

बाईंनी दारात उभ्या असलेल्या मामांकडे एकदा बघितलं. ‘मला भीती वाटली,’ त्या म्हणाल्या. ‘असंच लिहा. कोर्टात विचारलं तरी मी असंच सांगेन. भावाला कळलं, दवाखान्यात कळलं तरी चालेल.’

अधिकाऱ्यानं लिहिलं. बाईंनी सही केली. तो म्हणाला, ‘आता तो लवकर सुटत नाही.’ मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं, झालं. निघताना फोन केला होता, तेव्हा बाहेर केंद्रताई बटणवालीला घेऊन येऊन बसल्या असतील, त्यांना आपणच आधी जाऊन सांगावं.

बाहेरच्या व्हरांड्यात बाक होता. केंद्रताई फोनवर बोलत लांब गेल्या होत्या. बटणवाली एकटीच बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. खिडकी उघडी होती, आणि खिडकीच्या बाजूला तिचा चांगला कान होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

एक्सरेबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण बटणवालीच आधी बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मामांना बरं वाटलं असतं.

‘त्या गर्दीत मला एकच चेहरा ओळखीचा दिसला,’ ती म्हणाली. ‘माझ्या हाताचा फोटो तुम्ही काढला होतात. मी लोकांना हाका मारतच नव्हते, बाई. मी तुम्हालाच हाका मारत होते.’

‘हो,’ एक्सरेबाई म्हणाल्या. ‘मला ऐकू येत होतं.’

बटणवालीनं मान हलवली आणि ती रस्त्याकडे बघू लागली. बाक मोठा होता, त्यावर आणखी दोघांना सहज बसता आलं असतं. मामा उभे होते, एक्सरेबाई उभ्या होत्या. बसा, असं कोणी कोणाला म्हणालं नाही.